आडवी बाटलीवाली

सव्वीस वर्षं मी अमरावतीच्या कोर्टाबाहेर कडुलिंबाखाली टेबल टाकून टायपिंग करते आहे. आधी मशीन होती, आता कॉम्प्युटर आहे, मजकूर मात्र तोच. ‘मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की’, एवढं माझी बोटं झोपेतसुद्धा मारतील. इतक्या वर्षांत माणूस थोडा कडू होतोच, मीही झाले. टेबलापाशी येऊन कोणी रडायला लागलं की मी म्हणते, आधी नाव, वय, धंदा सांगा, रडायचं ते मागून रडा.

सुभद्राबाई गुल्हाने मात्र कधी रडल्या नाहीत. २०१६ साली त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत दारूची एक रिकामी बाटली होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाल्या, “मॅडम, आमाले अशी बाटली पाह्यजे. उभी नाई. तसं लिहून द्या.”

गावातल्या एक चतुर्थांश बायकांनी सह्या केल्या की दारूच्या दुकानावर मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहतं, आडवीवर मारला तर जातं. गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्यांच्या वर आडवीवर पडल्या पाहिजेत, घरी बसलेल्या बायका आपोआप दुकानाच्या बाजूने धरल्या जातात. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या त्यांच्या गावात हे दुकान एसटीच्या थांब्याला लागून होतं, आणि त्यांची मुलगी रागिणी त्याच थांब्यावरून शाळेला जायची. एक दिवस रागिणी म्हणाली, मी आता शाळेत जात नाही. का, ते तिने सांगितलं नाही आणि सुभद्राबाईंनी विचारलं नाही. त्यांनी पदर खोचला आणि दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. सत्यभामा नावाची शेजारीण सावलीसारखी बरोबर होती. मतदानाच्या दिवशी या दोघींनी म्हाताऱ्या बायका बैलबंडीत बसवून आणल्या. आडवी जिंकली, दुकान गेलं, पेपरात फोटो आला.

तेव्हापासून त्यांचं नावच ‘आडवी बाटलीवाली’ पडलं. नवरा रामराव सरळ माणूस, सात एकर काळ्या जमिनीत कपाशी नि तूर काढायचा, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकायचा नाही. तो म्हणायचा, “गावातली बाटली आत्ता आडवी झाली, घरात मी कवाचाच आडवा आहो.” बायको सभांना निघाली की तो स्वतः पिठलं टाकायचा.

सभेत सुभद्राबाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. मी ते दोनदा ऐकलंय, आवाज असा की माइक लागू नये. “पेनाऱ्याची दया करू नका. आज दया केली त उद्या तो तुमच्या घरातलं पितळी गुंड इकन. त्याले पोलिसात द्या.” बायका टाळ्या वाजवायच्या. मलाही तेव्हा ते पटायचं, कशाला खोटं बोलू.

दुकान गेलं आणि दोनेक वर्षांनी गावात गोळ्या आल्या. झोपेच्या गोळ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अमरावतीतून यायच्या. पोरं त्यांना ‘बटन’ म्हणायची. सुभद्राबाई कुंपणाबाहेरून जाणाऱ्या माणसाच्या तोंडाचा वास ओळखायच्या, पण गोळीला वास नसतो. पोरं थांब्यावर पेंगत बसलेली दिसायची, एवढंच.

२०१९च्या दिवाळीआधी त्या निवेदन टाइप करायला माझ्याकडे आल्या. ठाणेदाराला द्यायचं होतं. मी लिहिलं, ‘गोळ्या विकणाऱ्यांवर कडक कारवाई करण्यात यावी.’ त्यांनी बोट ठेवून वाचलं आणि म्हणाल्या, “याच्यात खानारे नाई आले.”

“खाणारे कशाला? ती तर पोरं आहेत,” मी म्हटलं.

“पोट्टे असो का बुढे. खानारा नसला त इकनारा कोनाले इकन? दोघंयी लिहा.”

मी ‘व खाणाऱ्यांवर’ असे दोन शब्द घातले. आपलं काम टाइप करायचं, शहाणपणा करायचा नाही. त्यांनी खाली सही केली. त्यांची सही सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. ‘सुभद्रा रामराव गुल्हाने’ असं एका दमात लिहून शेवटच्या ‘ने’ची मात्रा मागे ओढत ओढत पूर्ण नावावर छपरासारखी घालायच्या. चौथी शिकलेल्या बाईने शेकडो कागदांवर घोटलेली ती एकच सही होती.

तीन आठवड्यांनी ठाणेदाराचा फोन आला. “ताई, तुमच्या निवेदनाची दखल घेतली बरं. थांब्यावर पाच पोरं धरली.” विकणारा पळाला होता, तो आजवर सापडलेला नाही. ठाणेदार हौसेने नावं वाचू लागला. तिसरं नाव वाचताना त्याचं त्यालाच कळलं आणि तो थांबला. ते नाव अंकुर रामराव गुल्हाने होतं. सुभद्राबाईंचा एकुलता एक मुलगा, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. शर्टाच्या कॉलरची शिवण उसवून त्यात त्याने गोळ्यांची पाकिटं घडी करून ठेवली होती.

जामीन दुसऱ्या दिवशी झाला. गावात सुभद्राबाईंनी सांगितलं की पोरगं नुसतं थांब्यावर उभं होतं, पोलिसांनी उगाच ओढलं. बाकी चार पोरांच्या आया असंच सांगत होत्या, तेव्हा त्यांना खोटं म्हणणारी बाई हीच होती.

त्यात रागिणीचं लग्न ठरलेलं. अकोल्याचं घर, सासरे निवृत्त मास्तर. मास्तरांनी मुलगी पसंत केली ती ‘आडवी बाटलीवाली’ची लेक म्हणून, आणि तसं त्यांनी बैठकीत सर्वांसमोर सांगितलं होतं. मार्चमध्ये लग्न आणि जानेवारीत अंकुर गोळी नाही मिळाली की भिंतीवर डोकं आपटत होता. घरात कुलूप लावून ठेवलं, तर खिडकीच्या गजाला धरून आईला नको ते बोलला. रामराव अंगणात बसून ऐकत राहिला. सुभद्राबाईंनी फेब्रुवारीत मुलाला एसटीत घातलं आणि अमरावती सोडून अकोल्याला नेलं, कारण अमरावतीत त्यांना रस्त्यावरचा माणूस ओळखायचा. अकोल्यात ठरलेल्या सोयऱ्यांशिवाय कोणी ओळखीचं नव्हतं, आणि तिथे एक सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्र होतं. एकवीस दिवस राहायचं, असं तिथल्या माणसाने सांगितलं आणि नाव विचारलं.

पत्रिका करताना जोशी राशीवरून एक नाव काढून देतो. त्याला नावरस नाव म्हणतात. लग्न जुळवताना ते कामी येतं, एरवी त्या नावाने कोणी हाक मारत नाही. अंकुरचं नावरस नाव गोपाल. सुभद्राबाईंनी सांगितलं, गोपाल. आडनाव माहेरचं सांगितलं, महल्ले. गाव मूर्तिजापूर, तेही माहेरचं. आधार कार्ड मागितलं तर घरी राहिलं म्हणाल्या. मला हे सगळं त्यांनी पाच वर्षांनी सांगितलं, आणि तेव्हाही मान ताठ ठेवून सांगितलं. “खोटं नाव नाई सांगतलं मी. पत्रिकेतलं सांगतलं.” वकिलांना लाजवेल असा मुद्दा होता.

लग्न झालं, आठ-दहा दिवसांत कोरोना आला, गाव बंद झालं, रस्ते बंद झाले, गोळीही बंद झाली. त्या बंदीत अंकुर टिकला. का टिकला कोणाला सांगता येत नाही. त्याने बाडबिस्तरा शेतातल्या खोपडीत हलवला आणि बापाबरोबर डवरणी, निंदणी, फवारणी करत राहिला. पुढे वाहनाचा परवाना काढला, शाळेची व्हॅन चालवायला लागला. चाळीस पोरांचे आईबाप सकाळी आपली लेकरं त्याच्या हवाली करतात, अजून काय दाखला पाहिजे? पण खटला चालूच होता. दर दीड-दोन महिन्यांनी तारीख, त्या दिवशी व्हॅन दुसऱ्याला द्यायची, कोर्टात नावाचा पुकारा होईपर्यंत बसायचं आणि पुढची तारीख घेऊन घरी जायचं. त्यांचा तेव्हाचा वकील तारखा घेण्यात फार हुशार होता.

बाकीच्या चार पोरांपैकी तिघांनी कंटाळून गुन्हा कबूल केला आणि दंड भरून मोकळे झाले. त्यात सत्यभामाचा मुलगाही होता. मोकळे म्हणजे काय, जन्माचा शिक्का घेऊन मोकळे. त्या पोराला नंतर कंपनीच्या गेटवरची चौकीदारीसुद्धा मिळाली नाही.

या जूनमध्ये अंकुरचं एसटीच्या चालकांच्या यादीत नाव लागलं. पत्रात लिहिलं होतं, चारित्र्य पडताळणीसह कागदपत्रं ३१ ऑगस्टच्या आत. खटला उभा असताना पडताळणीत काय लिहून येणार ते उघड होतं. सुभद्राबाईंनी जुन्या वकिलाला सोडलं आणि सरकारच्या मोफत विधी सेवेतून वकील मागितला. तिथून आली दामिनी, तिशीची पोरगी, स्कूटीवर फिरणारी, बोलायला फटकळ. ती माझ्याच टेबलापाशी बसून फाइल चाळत होती. सुभद्राबाई समोर, अंकुर मागे झाडाला टेकून.

“मावशी, पकडल्यावर अंकुरनं कुठं इलाज घेतला होता का? सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी?”

दामिनीने समजावून सांगितलं. थोडा माल सापडलेला आणि स्वतः व्यसनी असलेला माणूस आपणहून अशा ठिकाणी इलाज घ्यायला गेला आणि त्याने तो पुरा केला, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही, असं कायद्यातच आहे. आजचं नाही, वीस-पंचवीस वर्षांपासून आहे. “गुन्हेगार म्हणून बघू नका, आजारी म्हणून बघा, असा त्याचा अर्थ. पण कोणी मागतच नाही, कारण कोणी सांगतच नाही.”

मी सव्वीस वर्षं इथे बसते आणि हे कलम मी फक्त दोनदा टाइप केलं होतं. मला माझाच राग आला.

“घेतला होता इलाज,” सुभद्राबाई म्हणाल्या. “पन त्याच्या नावानं नाई.”

मागे अंकुरने तोंड फिरवलं. दामिनीने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, “मावशी, तुम्ही दार उघडून आत गेल्या आणि आतून कडी घातली.”

चार दिवसांनी दामिनी अकोल्याहून भरतीच्या फॉर्मची झेरॉक्स घेऊन आली. रुग्ण गोपाल महल्ले, राहणार मूर्तिजापूर, सगळं खोटं. फक्त खाली, ‘पालकाची सही, नाते आई’ इथे त्याच छपराखाली सुभद्रा रामराव गुल्हाने. नाव, गाव, आडनाव त्यांनी बदललं, पण पेन हातात आल्यावर हाताने आपलं काम केलं. केंद्रातल्या माणसाने पाहिलंच नाही. दामिनीने पोलिसांच्या कागदांतलं निवेदन काढून शेजारी ठेवलं. माझंच टायपिंग, ‘व खाणाऱ्यांवर’सकट. दोन्हींवर एकच सही.

“हाच पुरावा,” दामिनी म्हणाली. “पण नुसता कागद पुरत नाही. तुम्हाला उभं राहून सांगावं लागेल की गोपाल म्हणजे अंकुर. तो व्यसनी होता, तुम्ही नेलं, तुम्ही नाव बदललं. सर्वांसमोर.”

“माह्यावर खोट्या नावाची केस होईन का?”

“होऊ शकते. बहुतेक होणार नाही.”

“तेचं काही नाई. होऊ दे.” सुभद्राबाईंनी पिशवी उचलली. “आधी रागिणीले सांगून येऊ द्या. मास्तरायच्या घरात पेपरातून कळ्ळं नाई पाह्यजे.”

अकोल्याला त्या एकट्याच गेल्या. परत आल्या त्या सरळ माझ्याकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी त्यांनी न विचारता खुर्ची ओढली. काय झालं ते त्यांनी सांगितलं, मी लिहिते आहे.

रागिणी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. सुभद्राबाईंनी सगळं सांगितलं. रागिणीने भाकरी उलटली आणि म्हणाली, “आई, या घरात साऱ्यायले लग्नाच्या दिशीच समजलं होतं.”

लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम देतो. कानपिळी म्हणतात. अंकुरने कान धरला तेव्हा त्याचा हात लटलट कापत होता. नवरदेवाला ते कानाच्या पाळीवर कळलं. त्याने नंतर रागिणीला विचारलं, तुह्या भावाले ताप हाये का? रागिणीने नवऱ्याला खरं सांगून टाकलं. नवऱ्याने बापाला सांगितलं. आणि मास्तर म्हणाले, बाईनं एवढी लढाई केली आहे, आपल्याला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नका, तिला जड जाईल.

“पाच वर्सं,” सुभद्राबाई मला म्हणाल्या. “पाच वर्सं तेयच्या घरी जेव्हा गेली तेव्हा मी तोंड धरून बसली, का शब्द निसटाले नाई पाह्यजे. अन् ते सारे मह्यासाठी तोंड धरून बसले. मी कुडामांगं लपली मंजुषाताई, अन् कूड कवाचाच पडला होता.” त्या हसल्या. मलाही हसू आलं, आणि बरं वाटलं. वाटलं, सुटली बाई.

जुलैच्या तारखेला त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. गावचे दोन-चार लोक आले होते, सत्यभामाही आली होती. सुभद्राबाईंना हळू बोलणं जमत नाही. सभेच्या आवाजात त्यांनी सांगितलं, “गोपाल म्हंजे अंकुरच. माह्या पोटचा हाये. तो गोया खात होता. गावात मी खोटं बोलली.” न्यायाधीश तरुण होते, त्यांनी मान वर करून नीट ऐकलं. दोन्ही सह्या पाहिल्या आणि ओळख पटल्याचं नोंदवायला सांगितलं. दामिनीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

मग सरकारी वकील उठले. शांत गृहस्थ, कधी आवाज चढवत नाहीत. केंद्राचा माणूस मूळ फाइल घेऊन आला होता, ती त्यांनी मागून घेतली. दामिनीला केंद्राने फक्त भरतीच्या फॉर्मची झेरॉक्स दिली होती. सरकारी वकिलांनी फाइल मागच्या बाजूने उघडली आणि शेवटचा कागद सुभद्राबाईंच्या हातात दिला.

“वाचून दाखवा, बाई.”

त्यांनी वाचलं. “‘माझ्या मुलीचे लग्न असल्यामुळे मी माझ्या मुलाला आज घेऊन जात आहे. पुढील जबाबदारी माझी राहील.’”

“सही कोणाची?”

“माही.”

एकवीस दिवसांपैकी अठरा झाले होते. खाली डॉक्टरांचा शेरा होता, उपचार अपूर्ण.

नवरीचा भाऊ मांडवात नाही म्हटल्यावर लोक विचारणार, कान कोण पिळणार? चुलतभावाला उभं करता आलं असतं, पण मग कुजबुज झाली असती. म्हणून इलाज पुरा व्हायच्या तीन दिवस आधी त्यांनी त्याला उचलून आणलं होतं. त्या कापणाऱ्या हातासाठी. आणि तो हात ज्यांच्यापासून लपवायचा, त्यांना तो पहिल्याच क्षणी कळला होता. पिंजऱ्यात उभ्या उभ्या सुभद्राबाईंना हे सगळं एकदम उमगलं असणार, कारण त्यांनी कठडा धरला. मी दाराशी उभी होते, मला त्यांची बोटं दिसत होती.

दामिनी बरीच भांडली. पाच वर्षं पोरगा गोळीच्या वाऱ्याला उभा नाही, चाळीस लेकरांची व्हॅन चालवतो, तीन दिवसांचं काय घेऊन बसलात? न्यायाधीश म्हणाले, मला कळतं, पण कायदा म्हणतो इलाज पुरा झाला पाहिजे. राहिलेला इलाज आता पुरा करून दाखला आणा, मी विचार करीन. पुढची तारीख १२ सप्टेंबर. दामिनीने ३१ ऑगस्टचं पत्र दाखवलं. अलीकडची तारीख बोर्डावर नव्हती.

बाहेर व्हरांड्यात सत्यभामा वाट अडवून उभी होती. ती ओरडली नाही. म्हणाली, “अकोल्याले इलाज होते, हे तुले तवाच ठाऊक होतं. माह्यं पोरगं तिकडं भिताडाले डोस्कं आपटून राह्यलं होतं अन् तू माह्याच ओट्यावर बसून चहा पेत होती. मले काहून नाई सांगतलं?”

ज्या बाईला पाचशे माणसांपुढे शब्द कमी पडला नाही, तिला एका बाईपुढे पडला. सत्यभामा निघून गेली. मला सुभद्राबाईंची दया आली नाही. खरं तेच लिहायचं तर रागच आला, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी अंकुर आणि दामिनी अकोल्याच्या केंद्रात गेले. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, लघवी घेतली, चार दिवसांनी पुन्हा बोलावलं. सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, याला कशासाठी भरती करू? खाटा कमी आहेत, बाहेर खरे आजारी थांबलेत. याचं व्यसन कधीच सुटलंय. आणि त्यांनी मोठ्या आनंदाने तसं लेटरहेडवर लिहून दिलं.

तो कागद दामिनीने माझ्या टेबलावर ठेवला. सुभद्राबाईंना वाटलं, काम झालं. त्यांनी कागदाला हात लावून नमस्कार केला.

“मावशी,” दामिनी म्हणाली, “हा कागद मी कोर्टात दिला तर समोरचे म्हणतील, हा व्यसनी नाही. सवलत व्यसनी माणसाला आहे. जो नाही, त्याला कसली सवलत? आणि नाही दिला तर इलाज अपूर्ण तो अपूर्णच.”

“म्हंजे चांगला झाला म्हून त्याले सजा?”

“मी भांडीन. वरच्या कोर्टात जाऊ. पण एकतीस ऑगस्टच्या आत काही होणार नाही.”

प्रिंटरमध्ये कोणाचं तरी भाडेपत्र अडकलं होतं, ते मी उगाच ओढत बसले. मग झाडाला टेकलेला अंकुर हसला. “मंग सोपं हाये. येक डाव पुन्हा सुरू करतो. तीन दिवस भरती होतो, दाखला घेतो, एसटी चालोतो.”

तो गंमत करत होता. पंचविशी ओलांडलेला पोरगा, त्याला दुसरं काय करता येणार होतं? पण हसलं कोणी नाही. तोही थांबला आणि चहा आणतो म्हणून टपरीकडे गेला. उकडत होतं म्हणून त्याने वरचा शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, अंगात नुसती बनियन होती.

सुभद्राबाईंनी शर्ट मांडीवर घेतला. मला वाटलं, घडी करत असतील. त्यांनी कॉलर उलटी केली आणि अंगठ्याने शिवण चाचपायला लागल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कापसातली सरकी शोधावी तशी, बोटभर जागा न सोडता. डोळे समोर कुठेतरी होते. मला नाही वाटत त्यांना कळत होतं की त्या काय करतायत. मी हळूच म्हटलं, “सुभद्राबाई.” त्यांना ऐकू गेलं नाही.

अंकुर चार चहा घेऊन आला तेव्हा कॉलर त्यांच्या हातात होती. त्याने पाहिलं. चहा टेबलावर ठेवले, सांडू न देता, एकेक. मग आईसमोर उभा राहून पॅंटचे दोन्ही खिसे बाहेर ओढले. व्हॅनची किल्ली, एक रुमाल, एसटीचं घडी केलेलं पत्र. ते त्याने तिच्यापुढे टेबलावर मांडलं. मागचा खिसाही उलटा केला, त्यात कंगवा होता.

सुभद्राबाईंनी नको म्हणायला हवं होतं. त्यांनी रुमाल उचलला आणि झटकून पाहिला.